न्यायला यावं लागतं

पप्पा, आज मला इतका आनंद झालाय की गॅसवर चहा ठेवून मी चक्क विसरले. भांडं करपल्याचा वास आला तेव्हा कुठे भानावर आले. हे वसईला गेलेत, घरात ऐकणारं कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. पण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरात, मला तुम्ही एक प्रश्न विचारला होता, तो मात्र जसाच्या तसा कानात आहे. त्याचं उत्तर मला मिळालंय. अख्खं नाही, अर्धंच. पण अर्धं तर अर्धं, मी काही गप्प बसणार नाही.

ऑक्टोबर म्हणजे आपला जपमाळेचा महिना. आपली ती वीतभर मरियामाता, एका हाताचं बोट उडालेली, दिल्लीतल्या मराठी कॅथलिकांच्या घरोघरी मुक्काम करत फिरायची. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून माळ म्हणायची, चहा प्यायचा, दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी. तुमचा नियम एकच, आणि तो भारी कडक: मूर्ती पोचवायची नाही, ज्यांची पाळी त्यांनी न्यायला यायचं. त्या वर्षी आपल्यानंतर मागच्या ब्लॉकमधल्या काकांची पाळी. तुम्ही ऑफिसातून आलात तसे, कपडेही न बदलता दाराशी खुर्ची टाकून बसला आहात. फ्रीजवर मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती. कोणी येत नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. मग एकदाचे काका आले ते हात हलवत, आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "आम्ही सोडलं सगळं. आता करोल बागला दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेला जातो. तिथं मूर्ती चालत नाही." मला वाटलं तुम्ही भांडाल. तुम्ही म्हणालात, "आत तर या, चहा घ्या." त्यांनी घेतला, मान खाली घालून.

ते गेल्यावर मी म्हटलं, "पप्पा, मी सायकलवरून त्यांच्या पुढच्या घरी देऊन येते ना." कसले चिडलात! "पोस्टमन आहेस का तू? न मागता दारात नेऊन ठेवली म्हणजे त्यांनी घेतली असं होतं का? ज्याला हवी तो येईल." आणि कोणी आलंच नाही. कसं येणार? त्यांच्यापुढचे आपली पाळी यायची वाट बघत बसले, त्यांच्यापुढचे त्यांची. आपल्या लोकांनी शिस्त पाळून स्वतःचीच फेरी मोडली. नाताळ आला तरी मरियामाता आपल्याच फ्रीजवर. काका येऊन गेले त्या संध्याकाळीच, आईला कांदा चिरून देताना, माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "असे सगळेच गेले तर गं?" तुम्ही डोळे पुसलेत आणि दोष कांद्याला दिलात.

आता तुमच्या नातीचं सांगते. तिला तुम्ही पाहिलं नाहीत. गुरुग्रामला कंपनीत आहे, तिथंच फ्लॅट घेऊन राहते. यंदा ईस्टरला मी म्हटलं, चर्चमध्ये मिस्साला चल, तर भातावर वरण वाढून घेत शांतपणे म्हणाली, "मम्मा, मी आता कॅथलिक नाहीये. प्लीज यार, मला नाटक नाही जमत." मग तिच्या टीममधल्या परदेशी मुलांच्या गोष्टी. कोणाच्या तरी गावातलं चर्च विकलं, आता तिथे कॉफी मिळते. "तू बघच. इथेही तेच होणार, सगळे निघणार, बिल्कुल." मला राग आला, पण रागापेक्षा भीती जास्त वाटली. तुम्ही जे घाबरत विचारलं होतं, ते ही पोर लोणचं मागावं तसं सांगून मोकळी झाली. मी भांडले नाही. वरण आणखी वाढलं. तुमचीच मुलगी ना मी!

मूर्ती तुमच्यामागे माझ्याकडेच आली आणि दिल्लीतल्याच द्वारकेच्या या घरातही फ्रीजवरच उभी राहिली. मधूनमधून दिल्लीत मराठी मिस्सा होतो. गेल्या महिन्यात तिथे चहा पिताना मी चार जणांना तुमच्या फेरीची गोष्ट सांगितली, अशीच, बोलण्याच्या ओघात. पुढच्या शनिवारी दारात एक मुलगी उभी. नगर जिल्ह्यातली, मुनिरक्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. पाठीवर रिकामी सॅक. म्हणाली, "मावशी, मूर्ती न्यायला आलेय." मी म्हटलं, "अगं, फोन करायचास, मी गाडीने आणून दिली असती." तर म्हणते कशी, "तुम्हीच सांगितलं ना, न्यायला यावं लागतं?" पप्पा, मला तिला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली. मारलीच.

टॉवेलात गुंडाळून, सॅकमध्ये घालून नेली तिने. मेट्रोच्या तपासणीत यंत्रावरच्या बाईने अडवलं, "ये क्या है?" ही म्हणाली, "माता जी हैं." "अच्छा! तो लिटा के क्यों डाला? सीधी रखो." मुनिरक्यात खोलीतल्या दोघी मैत्रिणींनी पुस्तकं हलवून टेबल रिकामं केलं. त्या दोघी आपल्यातल्या नाहीत, तरी झेंडूची फुलं त्यांनीच आणली. नवरात्राचे दिवस, त्यामुळे घरमालकीण बाई हलवा-चणे घेऊन वर आल्या आणि हात जोडून विचारू लागल्या, "बेटा, विसर्जन कब है?" मुलगी म्हणाली, "विसर्जन नहीं होता आंटी, अगले घर जाती हैं." बाई खूश! "चलो, घूमती रहें." ती हे सांगत होती आणि मी फोनवर हसून हसून बेजार. तिथून नोएडाचे एक नवरा-बायको येऊन घेऊन गेले, पुण्याचे, नुकतीच बदली होऊन आलेले. मराठी मिस्साच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज फोटो यायचे आणि मी लहान मुलासारखी फोन उघडून बघायचे.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. नोएडानंतरच्या घरात डेंग्यू निघाला, ते नको म्हणाले. ग्रुपवर विचारणा झाली, कोण नेणार? कोणी बोलेना. दुसरा दिवसही तसाच गेला. गाडीची किल्ली हातात घेतली, परत ठेवली. तुमचा धाक, दुसरं काय.

आणि आज सकाळी फोटो. ओळखीचा निळा सोफा, लॅपटॉप, कुंडीतला मनी प्लांट, आणि मध्ये बोट उडालेली मरियामाता. मी फोनच लावला. "तुला कसं कळलं? तू तर ग्रुप सोडला होतास!" "सोडला नव्हता मम्मा, म्यूट केला होता." "मग तू परत...?" "नाही हं. बिलीव्ह मी करत नाही, ते क्लिअर आहे. माळबिळ म्हणणार नाही. पण कोणीच गेलं नसतं तर? आजोबा दारात बसून राहिले होते ना." तुम्हाला तिने कधी पाहिलेलं नाही, पप्पा! मेट्रो बदलत नोएडाला गेली आणि मांडीवर घेऊन आली.

तर सगळे जातील का? मला माहीत नाही. बरेच जातील, जाताहेत. माझी तर घरातूनच गेली, आणि ती परत आली असं मी स्वतःला फसवून सांगणार नाही. पण ती नोएडाला गेली. कोणी सांगितलं नव्हतं, पाळीही नव्हती. तुमच्या दाराशी टाकलेल्या खुर्चीला एवढं तरी मी सांगू शकते.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. फ्रीजवर तिची जागा रिकामी आहे, तिथे ठेवते. पोचवायचं नसतं, हवं असेल त्याने न्यायला यावं. तुमचाच नियम. आता माझी पाळी, म्हणून पोरीने बजावलंय, "संडेला ये न्यायला, रूल इज रूल." मी हो म्हटलंय. पण एक सांगू? रागावू नका. रविवारी मी जाणार, तिच्या हातचं जेवणार, पोटभर गप्पा मारणार, आणि मूर्ती तिथेच विसरून येणार आहे.