कातडीखालचा रंग

सोमवार, ता. ३
आले एकदाची. संग्रहालयाच्या माडीवरच दोन खोल्या मिळाल्या. खिडकीत भरपूर ऊन, आणि जिना उतरला की कामावर. आप्पा सकाळपासून विचारताहेत, आपण कुणाकडे पाहुणे आलोय? वडिलांच्या विसराळूपणाचा एवढा तरी फायदा, त्यांना रोज नवं गाव बघायला मिळतं.

काम म्हणजे फुलपाखरांचे अतिनील उजेडात फोटो काढायचे. आपल्याला नर-मादी दोन्ही सारखीच पांढरी दिसतात. या कॅमेऱ्यात एक लख्ख, दुसरं काळंकुट्ट. म्हणजे त्यांच्यात घोळ कधीच नव्हता, आंधळे आपणच.

टाचण्या लावणाऱ्या मावशी इथे तीस वर्षं आहेत. त्यांचा नियम असा, की रोजचा पहिला फोटो स्वतःच्या पंजाचा, कॅमेरा ठीक चाललाय का ते बघायला. माझी करंगळी वाकडी आहे. मावशी म्हणाल्या, बरंच आहे की, सरळ बोटाने तूप निघत नाही.

गुरुवार, ता. ६
आप्पा खाली आले आणि माझाही फोटो काढ म्हणून हटून बसले. मावशींनी त्यांच्या बाह्या दुमडून दिल्या. पडद्यावर उजव्या दंडावर चार काळे पट्टे उमटले, आणि मागे अंगठा. मावशी म्हणाल्या, मार डोळ्याला दिसेनासा झाला तरी या उजेडात महिनोन्महिने दिसतो. कुठे पडले होते का? मी म्हटलं, हो, न्हाणीघरात.

खोटं. चार महिन्यांपूर्वी दवाखान्यात जायचं होतं आणि ते गाडीत बसेनात, तेव्हा मी त्यांना दंड धरून आत कोंबलं. ते रडले. दहा मिनिटांत विसरले, आणि मीही विसरल्यासारखं केलं. आज लाजेने कान तापले. फोटो पुसून टाकला.

मंगळवार, ता. ११
मावशी जेवायला गेल्यावर आप्पांचा पुन्हा फोटो काढला. डाग फिके झाले असतील, एवढीच आशा होती. ते तसेच आहेत. शिवाय आता डाव्या गालावर एक पंजा आहे. करंगळी वाकडी.

गालावर मी कधी मारलेलं नाही. आप्पांनाच विचारलं. म्हणाले, तू गं कशाला मारशील, तू गुणाची पोर. मला त्यांच्याकडे बघवेना.

गुरुवार, ता. १३
काल त्यांनी नळ उघडा ठेवला. खोलीभर पाणी, माझे सगळे कागद भिजले. हात उठला. डावा गाल. फोटोत होता तिथेच —

खूण आधी, हात नंतर.

आज पुन्हा फोटो. गळ्याभोवती — दोन्ही पंजे. माझेच.

शुक्रवार, ता. १४. सकाळ
मावशींना म्हटलं, आप्पांना तुमच्याकडे ठेवून घ्या. त्यांनी विचारलं, का गं? कारण ओठांवर आलं होतं. नाही सांगवलं. जरा दगदग होते, एवढंच बोलले. त्या म्हणाल्या, मग रविवारी नेते की. रविवारपर्यंत —

दुपार
सांगते. सगळं सांगते. त्या थुंकल्या तोंडावर तरी चालेल. आप्पांना कपडे घालायला सांगितलंय. आत्ताच जिना उतरायचा —

ते समोर येऊन उभे आहेत. बोटं थरथरताहेत, गळ्याचं बटण लागत नाहीये. राहू दे म्हटलं, ऐकत नाहीत. लाव ना गं, म्हणताहेत. हनुवटी वर करून उभे —

एवढं बटण लावते आणि लगेच