रिकाम्या खोबणीतली सरळ रेषा

ती. वहिनींना नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? दादांचा खोकला नक्की कमी असणार, कारण परवा फोनवर त्यांनी माझं सलग कौतुक केलं, मध्ये एकदाही खोकले नाहीत. त्या कौतुकाबद्दलच लिहायचं आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे (दादा गावभर सांगतात तसा उपग्रहाशी त्याचा काही संबंध नाही). चिपला व्होल्टेज द्यायचं आणि तिच्यातून त्याच्या प्रमाणात करंट काढायचा. दुप्पट दिलं तर दुप्पट, आलेख अगदी सरळ. ट्रान्झिस्टर मात्र जात्याच वाकडा. थोडं दिलं की भराभर काम करतो, जास्त दिलं की अंग चोरतो (तुमची जाऊ म्हणते, थेट माझ्यासारखा). म्हणून त्यांच्या दोन जोड्या उलटसुलट बांधायच्या, म्हणजे एकीचा वाकडेपणा दुसरी खोडून काढते. या खोडाखोडीत माझी दोन वर्षं गेली. गेल्या आठवड्यात चिप तयार होऊन आली, मोजायला बसलो आणि पडद्यावर अशी रेषा उमटली की पट्टीने लाजावं. साहेब म्हणाले, “असला सरळपणा मी जन्मात पाहिला नाही हो!” मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. (उघडे ठेवले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.) मग दादांना फोन केला, आणि त्यांनी लगेच गावच्या शाळेत माझं भाषणच ठरवून टाकलं.

काल जरा ऐट म्हणून चिपवर गरम हवा सोडून पाहिली. रेषा ढळली नाही. चिपची वीज बंद केली. तरी सरळच! वहिनी, खोटं कशाला सांगू, क्षणभर अंगावर काटा आला, साक्षात्कारच वाटला. मग चष्मा लावला. खोबणीत चिपच नव्हती. मोजायला बसण्याआधी उपकरणं तपासायला मीच तिथे आरपार एक तार जोडली होती. ती काढून चिप बसवायची राहून गेली. चिप डबीत स्वस्थ पडलेली, आणि मी आठवडाभर तारेचा सरळपणा मिरवतोय.

आता खरी चिप बसवली आहे. रेषा टोकाला वाकते. फार नाही, पण वाकते. सुधारेल, अशी श्रद्धा आहे.

तुमचा धाकटा दीर

ता.क. भाषण रद्द करायला दादांना तुम्हीच सांगा.

ता.क. २ एकदम सांगू नका. आधी ‘रेषा जराशी वाकली’, मग ‘बरीच वाकली’, आणि शेवटी तार. दर वेळी ते किती भडकतात, दुप्पट सांगितल्यावर दुप्पटच भडकतात का, हे नीट पाहून मला कळवा. महिनाअखेरीला साहेब तो तारेचा आलेख गिऱ्हाइकांना दाखवणार आहेत. साहेबांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही, आणि त्यांचा नि दादांचा स्वभाव सारखाच आहे.