गोंगाटातलं बोलणं

बाबा, मी पन्नाशीला आले आणि अजून व्हिडिओ गेम खेळते. ऑफिसात सांगितलं तर चेष्टा होईल म्हणून तिथे गप्प बसते. तुमचा नातू कॉलेजात जातो. रविवारी दुपारी त्याचं यंत्र माझ्या ताब्यात असतं आणि मी चुकले की तो शेजारी बसून कपाळाला हात लावतो. हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण एवढंच, की तुमचं माझं जे काही बोलणं झालं ते बहुतेक व्हिडिओ गेमच्या दुकानात झालं.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी लहान होते. तो मिटला असं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, हळूहळू चाळीतल्या लोकांनी त्याचा विषय काढणं सोडलं. तुम्ही तर बोलणंच सोडलं होतं. साचेखात्यात, त्या मागांच्या खडखडाटात उभं राहून तुमच्या कानांची वाट लागली होती, पण गिरणी चालू होती तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तुम्ही घरात बसलात आणि मग ते कळायला लागलं. आईला एक गोष्ट तीनदा सांगावी लागायची, तिसऱ्यांदा तिचा आवाज चढायचा, आणि तुम्हाला वाटायचं बायको बसून खाणाऱ्या नवऱ्यावर ओरडते आहे. मग तुम्ही काही विचारायचंच बंद केलंत. एका खोलीत आपण तिघं, आणि ताटल्यांचा तेवढा आवाज. मला त्या घरात जीव नकोसा व्हायचा.

पुढे आईच्या मामेभावाने लालबागला गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं आणि तुम्हाला तिथे उभं केलं. सुट्टे द्यायचे, भांडणं सोडवायची, शाळा बुडवून आलेल्यांना हाकलायचं. माझी सकाळची शाळा. दुपारी डबा घेऊन मी पहिल्यांदा आत शिरले आणि कानठळ्याच बसल्या. सगळ्या यंत्रांचे भोंगे, गोळ्या, स्फोट एकदम, वर पोरांचा आरडाओरडा. त्या गदारोळात तुम्ही माझ्याकडे बघून बोलत होतात. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, सावकाश. "काय गो, आज काय शिकवल्यानी शाळेत?" साचेखात्यात सगळे असंच बोलायचे, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत, लांबच्या मागावरच्या माणसालाही चहाला असंच बोलवायचे. दुकानातही कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तिथे तुम्ही बहिरे नव्हतात. चार दिवसांत मला तुमचे ओठ वाचता यायला लागले. मग काय, तुमचं गाव, तुमची आई, साच्यावर पहिल्या दिवशी मागातला सुताचा धोटा उडाला तेव्हा तुम्ही कसे पळालात, सगळं मला तिथेच कळलं. डबा रिकामा झाला तरी मी निघत नसे. आईला वाटायचं पोरीला खेळांचा नाद लागलाय.

हल्ली जुन्या खेळांचे गोडवे गाणारे खूप झालेत. म्हणे त्या खेळांत मजा होती, आताच्यांत नुसता झगमगाट. मला हे ऐकलं की राग येतो. खेळ कसले, डोकेदुखी होती ती. जरा थांबलात की मेलात, मेलात की पार पहिल्यापासून. मध्येच उठून गेलं तर केलेलं सगळं पाण्यात. आताचे खेळ किती समजूतदार आहेत! परवा मी एका खेळात तासभर नुसती समुद्राच्या कडेने चालले. कुणी मारायला आलं नाही, कुणी घाई केली नाही, आणि बंद करून उठले तर दुसऱ्या दिवशी त्याच वाळूत उभी होते. तुम्हाला हे दाखवायला हवं होतं. फक्त एक आहे, आताचे खेळ कानांवर हेडफोन लावून खेळायचे असतात. तुमचा नातू कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांशी हसतखिदळत बोलतो आणि मी दारात चहा घेऊन उभी असते.

मग घरोघर टीव्हीवर खेळ आले आणि दुकान बसलं. तुम्ही पुन्हा घरी. आखातात कामाला असलेल्या माझ्या मामाने आपल्यालाही एक खेळ आणला, आणि मी तो लावला की टीव्हीचा आवाज पार शेवटपर्यंत वाढवायची. आई कावायची. शेजारच्या काकू एकदा भिंतीवर थापा मारत ओरडल्या, "अगो, घरात गिरणी चालू केलंस काय?" त्या काय म्हणाल्या ते मी तुम्हाला ओठांनी सांगितलं. तुम्ही हसलात. कितीतरी दिवसांनी हसलात. मग माझ्याकडे टक लावून बघितलंत आणि तुमचेही ओठ हलले. "मी गप आसतंय, पण तुमच्यार रागावलंय नाय हां." मी उत्तराला ओठ उघडले. तेवढ्यात तुम्हीच उठून टीव्हीचा आवाज कमी केलात आणि हाताने खूण केलीत, लोकांची पोरं अभ्यासाला बसलीयत. खोली पुन्हा गप्प झाली. त्यानंतर मी कधी आवाज वाढवला नाही, आणि मी कॉलेजात असताना तुम्ही गेलात.

गेल्या रविवारी नव्या खेळात आपला माणूस आपणच घडवायचा होता. आता नाक, डोळे, हनुवटी, सगळं हवं तसं करता येतं. मी तुम्हाला केलं. मिशी, बसलेले गाल, डाव्या भुवईवरचा व्रण. मुलगा मागे उभा राहून म्हणाला, "आई, हे आजोबा ना? फोटोतल्यासारखेच झालेत गं." मला इतका आनंद झाला. पुढच्या पानावर आवाज निवडायचा होता. जाडा, घोगरा, बारीक, बरेच होते. मी एकेक लावून ऐकला. पुन्हा पहिल्यापासून ऐकले. तो म्हणाला, "घे ना कुठलाही, काय फरक पडतो?" मी यंत्र बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. तुम्ही मला काय काय सांगितलंत ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकते. पण बाबा, तुमचा आवाज मला आठवत नाही.