गोटूपुढे ‘बस’ म्हणायचं नाही

पहाडगंज, दिल्ली

तीर्थस्वरूप कुमुदमावशीस,

हॉटेलच्या गच्चीवरच्या या खोलीत छत डोक्याला लागतं, म्हणून एरवीपेक्षा जरा जास्तच वाकून हेरंबचा नमस्कार. (फोन बादलीत पडला, म्हणून पत्र.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांना गोड बंद केलंस ना?

पत्राचं कारण गोटू. गोटू म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. खालच्या ढाब्यामागे सापडलं. आई गाडीखाली गेलेली, हे नुसतं कातडं आणि बरगड्या. वर घेऊन आलो. आमचे मॅनेजर अविनाशजी म्हणाले, “कुछ सिखाओ इसको, वरना महीने के आख़िर में बाहर.” (मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्याबद्दलही हेच म्हणाले होते.)

मग मी शिकवायला घेतलं. समोर ताटली ठेवायची, ‘बस’ म्हणायचं, बसला की खायला द्यायचं. पण ‘बस’ म्हटलं की हा मागे सरून भिंतीला चिकटायचा. (फळ्याजवळ बोलावलं की माझंही असंच व्हायचं, ते असो.) शेवटी जनावरांच्या डॉक्टर क्षिप्राताईंकडे नेलं. म्हणाल्या, “अरे, मेंदू घडायच्या दिवसांत पोट रिकामं राहिलं की शिकणं मागे पडतं. आता नीट खाऊ घाल. काही भरून निघेल. सगळंच निघेल असं नाही सांगत मी.” ते ऐकून मी उगाच सरोजिनी नगरच्या बाजारात गेलो आणि एक शर्ट घेतला. तो होत नाही.

परवा ढाब्यावर जेवत होतो, गोटू पायाशी. वाढणारा डाळ घेऊन आला. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, “बस भैया, बस!” पळी थांबली, आणि गोटू मागे सरून भिंतीला लागला.

मावशी, इथलं ‘बस’ म्हणजे आपलं ‘बास’. त्या ढाब्यामागे तो हा एकच शब्द शिकला होता: आता मिळायचं नाही. आणि मी भरली ताटली समोर ठेवून रोज तोच म्हणत होतो. तो माझं ऐकत होता गं. उपाशी राहून ऐकत होता.

आता मी ‘टेक’ म्हणतो. टेकत नाही अजून, पण मागेही सरत नाही. खातो.

काकांना नमस्कार.

तुझा,
हेरंब

ता.क. महिना संपत आला. नुसतं खाणं हे अविनाशजी शिकण्यात धरत नाहीत.

ता.क. २ : तेव्हा आम्ही तुझ्याकडे सिन्नरला निघालोय, बहुतेक या पत्राच्या आधीच पोचू. ठेवून घेशील? त्याला म्हणतोय. (मलाही चालेल.) तुझ्याकडे आम्ही ‘बास, बास’ म्हणून ओरडलो तरी तुझा वाढता हात कधी थांबला नाही. त्याला न्यावं असं दुसरं घर मला आठवेना.