बाबांची जीप सुरू होऊ नये म्हणून

४ जानेवारी, रविवार

जीप सुरू झाली! आणि मी ती बंद केली.

बाबा आंघोळीला गेले होते. सहज म्हणून बटण दाबलं, आणि पहिल्याच फटक्यात इंजिन बोलायला लागलं. इतकी वर्षं शेडमध्ये खुडूक कोंबडीसारखी बसलेली गाडी! एरवी नाचलो असतो. पण क्षणभर ऐकलं आणि स्विच फिरवला.

बाबा टॉवेल गुंडाळूनच दारात हजर. "चालू झाली! झाली ना?"

"कुठे? पलीकडे ट्रक उभा होता. तो गेला आत्ता."

"अरे, आपल्या गाडीचा आवाज होता."

"नाही हो बाबा."

इतकं सहज बोलून गेलो की माझं मलाच नवल वाटलं. ते कपडे घालून येईपर्यंत मी नवा रोटर काढून जुना बसवला. इवलासा तुकडा असतो — डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली फिरतो आणि प्लगांना पाळीपाळीनं वीज वाटतो. जुन्याला केसाएवढी चीर गेली आहे. वीज तिथूनच गळते, प्लगांपर्यंत पोचतच नाही. चीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही.

बाबांनी स्वतः बटण दाबलं. स्टार्टर गरगर फिरला, इंजिन ढिम्म.

"कमाल आहे," म्हणाले. केस ओले, बनियन उलटा.

५ जानेवारी

का केलं ते लिहून ठेवतो. नाहीतर चार दिवसांनी मीच स्वतःला पटवेन की ट्रकच होता.

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. हातपाय परत आले, वाचा परत आली. डावीकडची नजर तेवढी आली नाही. दोन्ही डोळ्यांची. नाकाच्या डावीकडचं जग त्यांच्यापुरतं गेलंय आणि ते गेलंय हेही त्यांना कळत नाही. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं. ही गुपचूप ताट फिरवून ठेवते, की मग उरलेलं जेवतात. बाहेर पडताना डावा खांदा रोज चौकटीवर. "हे दार कोणी अरुंद केलं?"

डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं — गाडी चालवायची नाही. कधीच नाही. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "ह्या डॉक्टरलाच चष्म्याची गरज आहे."

आणि जीपचं खूळ काढलं कोणी? मीच! हॉस्पिटलात ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. तेव्हा मी म्हणालो, "बरे व्हा, आपण दोघं मिळून जीप उभी करू." औषधासारखी लागू पडली. घरी आल्या आल्या काठी टेकत शेडमध्ये. ब्रेकची सगळी कामं केली, वायरिंग बदललं, स्प्रिंगांची बुशिंग्ज बदलली, कोणाच्या तरी मोडीत निघालेल्या कारच्या सीट्स आणून बसवल्या. हात माझे, अक्कल त्यांची. उभं आयुष्य वर्कशॉपात गेलेला माणूस. गाडी पूर्ण झाली की हा चालवायला बसणार, हे मला दिसत नव्हतं थोडंच? पण म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "तू सरळ नाही म्हण ना त्यांना."

"तू म्हण."

"मी लांब राहते रे."

म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, तर ज्याच्या घरात मांजर आहे त्यानं. ही म्हणते विकून टाका. त्यांच्या डोळ्यांदेखत? मग मी शहाण्यानं रोटर बदलला. कोणाला दुखवायचं नाही, काही बोलायला नको. गाडी सुरूच होत नाही, त्याला कोण काय करणार!

११ जानेवारी, रविवार

आज बाबांनी दोन मिनिटांत पकडलं.

कॉइलच्या वायरला ठिणगी येते, प्लगला येत नाही, एवढं मला बघायला लावलं आणि म्हणाले, "मग रोटर. दुसरं काही असूच शकत नाही."

"नवा बसवलाय बाबा."

"काढ. मला दे."

काल मी त्याच जुन्या रोटरला बारीक पॉलिश पेपर मारून ठेवला होता. पितळेचं टोक नव्यासारखं चकचकीत. चोराला बुद्धी बरोबर वेळेवर सुचते. बाबांनी तो हातात घेतला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. सावकाश. त्यांचा अंगठा त्या चिरेवरून जाताना मी बघत होतो. वाटलं, आता थांबेल, आता थांबेल.

"बरोबर आहे," म्हणाले. आणि तोंड एवढंसं झालं.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कंडेन्सर बदलून बघू या का?"

१२ जानेवारी

नवा रोटर ऑफिसच्या खणात ठेवलाय. शिपायानं बघितला. "हे काय हो साहेब?" म्हटलं, "खेळणं आहे."

१८ जानेवारी, रविवार

कंडेन्सर नवा. पॉइंट नवे. कॉइल नवी. प्लगांच्या वायरी लालभडक नव्या. ही म्हणाली, "आता घंटी आणि झालर तेवढी राहिली." बाबा हसले. मी पण हसलो. सगळी गाडी नवी झाली, जुना एक रोटर आणि एक मी.

प्रत्येक भाग बसवला की बाबा म्हणायचे, "आता होणार बघ." गरगर, गरगर. पुन्हा ढिम्म. मग ते लांब जाऊन उभे राहायचे, हात पुसत. हात स्वच्छच असायचे.

दुपारी जेवताना अचानक विचारलं, "फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन ना रे?"

मला विचारलं. मला! कोणता प्लग कोणाच्या मागून पेटतो, हे हा माणूस झोपेत विचारलं तरी सांगायचा. मी म्हटलं, हो. दोन घासांनंतर पुन्हा विचारलं.

ही माझ्याकडे बघत होती. तिला रोटरचं माहीत नाही. मी पाणी प्यायला उठलो.

२१ जानेवारी, बुधवार

समोरचे मास्तर स्कूटर घेऊन आले होते. त्यांचं नेहमीचंच — दारात उभे राहून इंजिन फिरवायचं, बाबांनी आतूनच ओरडायचं, "सायलेन्सर सैल आहे," नाहीतर "वॉल्व्ह वाजतोय." आणि तेच निघायचं. मास्तर गंमतीनं म्हणतात, तुमचा कान भाड्यानं द्या.

आज बाबा बाहेर आले. ऐकलं. पुन्हा फिरवायला लावलं. मग म्हणाले, "गॅरेजला दाखवा मास्तर. मला हल्ली कळत नाही."

आणि आत निघून गेले. मास्तर माझ्याकडे बघतायत, मी जमिनीकडे. मी, त्यांचा मुलगा, मी हे केलं. रस्त्यापासून वाचवायला निघालो आणि कानच कापून घेतला त्यांचा.

२५ जानेवारी, रविवार

बाबा शेडमध्ये आलेच नाहीत. मी पान्यांचा मुद्दाम खडखडाट केला. बॉनेट दोनदा आपटलं. शेवटी आत गेलो तर पलंगावर बसलेले, चपला पायात घातलेल्या.

"येताय ना?"

"तू बघ. माझा काय उपयोग."

"असं काय बोलताय?"

"बस इथे," म्हणाले. बसलो. मग हळूच, "त्या दिवशी मला आपल्या गाडीचा आवाज आला होता. अगदी खराखुरा. टॅपेटची टकटकसुद्धा ऐकली मी."

मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिलो.

"तुझ्या आजोबांनाही शेवटी शेवटी आवाज यायचे. रात्रंदिवस म्हणायचे, कोणीतरी दार वाजवतंय. आम्ही हसायचो रे." मग माझा हात धरला. "माझं तसं व्हायला लागलं तर मला सांगशील ना? लपवू नकोस. तू लपवणार नाहीस, मला माहिती आहे."

मी हो म्हणालो. त्या 'हो'बद्दल मला कोणत्या नरकात जागा मिळणार आहे कोणास ठाऊक.

२७ जानेवारी

ताईचा फोन. बाबांनी तिला सांगितलंय — डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घे, ह्याला कळू देऊ नकोस, उगाच काळजी करेल.

मी काळजी करेन म्हणून!

ऑफिसच्या खणातून रोटर काढून खिशात टाकला.

१ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

बाबांना जवळजवळ ओढतच शेडमध्ये नेलं. सीटवर बसवलं. त्यांच्या समोर टोपी उघडली, जुना रोटर काढला, नवा बसवला, टोपी लावली. म्हटलं, "दाबा बटण."

सुरू झाली! शेड दणाणली. पत्र्यावरचे पारवे उडाले. बाबांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि तसेच बसून राहिले. आवाज ऐकत होते. मग स्वतःच बंद केली.

मी सगळं सांगितलं. एका दमात. ट्रक नव्हता, रोटरच होता, पॉलिश पेपर मीच मारला. रडलोही. वाटलं, कानाखाली वाजवतील. वाजवायला हवी होती.

"म्हणजे ट्रक नव्हता?"

"नव्हता."

"आणि मी रोटर म्हणालो, तो रोटरच होता?"

"रोटरच."

हसायला लागले! पोट धरून. डोळ्यांतून पाणी. "अरे गाढवा! अरे मी वेडा झालो म्हणून मरायला टेकलो होतो की रे!" पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय. मला वाटलं, सुटलो. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग मी खरं कारण सांगायला घेतलं. "बाबा, पण गाडी तुम्ही चालवायची नाही. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. खरंच दिसत नाही."

हसू थांबलं. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, तसं बघितलं असतं तर बरं.

"ज्या तोंडानं ट्रक म्हणालास," म्हणाले, "त्याच तोंडानं हे सांगतोयस ना?"

मी ताटाचं सांगितलं, दाराच्या चौकटीचं सांगितलं. हिला बोलावून साक्षीला उभं केलं. बाबा शांतपणे ऐकत होते, दुकानदार जास्त गोड बोलायला लागला की गिऱ्हाईक ऐकतं तसे. "बरं बरं," म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी ठरवलंयच तर नाही चालवत."

संध्याकाळी मास्तरांना हाक मारून बोलावलं, स्कूटर फिरवायला लावली. "कार्ब्युरेटरमध्ये कचरा!" कचराच निघाला. रात्री दोनदा वाढून घेतलं. जेवताना ताईला फोन लावून सांगितलं की डोक्याच्या डॉक्टरांची वेळ रद्द कर, डोकं शाबूत आहे, बिघाड मुलात होता.

रोटर गाडीतच आहे. काढायला दोनदा शेडच्या दारापर्यंत गेलो. पण आता परत काढायचा? कोणत्या तोंडानं? बरं म्हणालेत ना ते.

२ फेब्रुवारी, सोमवार

हे ऑफिसच्या पॅडवर लिहितोय. स्कूटरची किल्ली समोर काढून ठेवलीय, पण आधी हे लिहून काढतो.

ताईचा फोन. बाबा तिच्याकडे पोचलेत. जीप घेऊन, एकटे. चहा पितायत. भलते खुशीत आहेत, ब्रेक काय लागतात म्हणून सगळ्यांना सांगतायत.

"बरे आहेत ना पण?"

"एकदम ठणठणीत. गाडीचा डावीकडचा आरसा तेवढा तुटलाय. कशाला लागला विचारलं तर म्हणतात, लागला? कुठे लागला? मला तर काही दिसलं नाही."

निघतोय. ताईच्या घरापर्यंत रस्त्याची डावी कड बघत जायचंय.