कोपर मारण्याची तयारी

३ मार्च
ठरलं. तीस दिवसांत कोपराचा फटका शिकायचा. एकच, पण पक्का.
कारण: आमच्या कारखान्यातला गोदामप्रमुख दाय. मी नमुन्यांचा खोका घेऊन चौथ्या रांगेतून जाते तेव्हा तो बरोबर मधे उभा असतो, आणि वाट देताना त्याचा हात माझ्या कमरेला लागतो. 'लागतो' लिहिलं. प्रामाणिकपणे लिहायचं तर तो लावतो. मला भीती वाटत नाही. फक्त तयारी नाही.
आमच्या घरात बाजीछ्वान, म्हणजे कोपर-खांद्याने लढायची चिनी विद्या, आठ पिढ्यांची आहे, मला धरून. लहानपणी आजोबांनी अंगणात हातवारे शिकवले, पण ते सणाला पाहुण्यांना दाखवण्यापुरते. मारायचं कसं, ते राहूनच गेलं.
आजोबांना सांगितलं, पाठ दुखते, व्यायाम हवा. थोडी दुखतेच, त्यामुळे हे खोटं नाही.

५ मार्च, सकाळी साडेपाच
घोडाबैठक. तीन मिनिटं. खरं तर दोन मिनिटं चाळीस सेकंद. आजोबा ओरडले, "अजून खाली! घोडा आहे तो, खुर्ची नव्हे." फटका कधी शिकवणार, विचारलं. "आधी पाय. हाताचं नाव काढू नकोस." त्यांना स्वतःला पायांसाठी तीन वर्षं लागली होती. मी महिना धरला आहे. हल्ली खाणंपिणं चांगलं असतं.

९ मार्च
दाय. चौथी रांग. आज मारायचंच होतं. पण दोन्ही हातांत खोका होता. आत पाइपाचे एल्बो, म्हणजे कोपरासारखे वाकलेले जोड, अठरा किलो, परदेशच्या गिऱ्हाइकाचे. माल आपटला असता तर चूक माझी ठरली असती.
तो म्हणाला, "अगं, एवढी घाई कसली? मी काय खातो का तुला?" आणि सुक्या बोराची बी थुंकली. मी "माफ करा" म्हणाले. का म्हणाले, ते उद्या लिहीन.

१० मार्च
वेळ मिळाला नाही.

१४ मार्च
मावसबहीण रोंग आमच्याच कारखान्यात रंगाच्या शेडमध्ये आहे. तिने उशी धरली, मी पंचवीस फटके मारले. प्रत्येक फटक्यानंतर लागलं का, विचारलं. ती वैतागली. "मारतेयस की लेबल चिकटवतेयस?" मग म्हणाली, एवढा खटाटोप कशाला, तो खोकाच सोड ना त्याच्या पायावर, अठरा किलो! तिला समजावलं की ते आपल्या विद्येत बसत नाही.
पंचविसांपैकी चार फटके चांगले होते. तीन.

२० मार्च
एक शंका होती. ती विचारून घेतली. मारण्याआधी नमस्कार करावाच लागतो का? समोरचा वाईट असला तरी?
"कोण समोरचा?" आजोबा म्हणाले.
कोणी नाही, सहज, असं मी सांगितलं.
मग करायलाच हवा, म्हणाले. मूठ तळहातात धरायची, नाव सांगायचं, घराणं सांगायचं, पिढी सांगायची. त्याशिवाय हात उचलणं म्हणजे नुसती गुंडगिरी.
बरं झालं विचारलं. ही पायरी माझ्या हिशेबातच नव्हती. दोन दिवस फक्त नमस्काराचा सराव. तो मला चांगला जमतो.

२३ मार्च
झालं.
खोका आधी खाली ठेवला. दाय पुढे आला. मी पाय रोवले, मूठ तळहातात धरली. आवाज कापला नाही. "दिंग सूयुन. दिंग बाओशान यांची नात. आठवी पिढी."
त्याने बोरांची पिशवी खिशात घातली. मग त्यानेही मूठ तळहातात धरली. अगदी बिनचूक. "वू गुरुजींचा शिष्य. सातवी पिढी."
वू गुरुजी म्हणजे आजोबांचे गुरुबंधू. म्हणजे दाय विद्येच्या नात्याने माझा काका. काकावर हात उगारता येत नाही. मी वाकले.
तो खो-खो हसला. "अगं पोरी, घरचीच निघालीस की! आधी नाही का सांगायचं?"
एकूण पाहता मारामारी टळली. हाच खरा विजय, असं आजोबा नेहमी म्हणतात. कधी म्हणाले ते नेमकं आठवत नाही.

२९ मार्च
आता तो चारचौघांत हात लावतो. "ही माझी पुतणी बरं का!" पाठीवर तळहात ठेवून माझी बैठक सुधारतो. हमाल हसतात. पुतणीची बैठक सुधारण्याचा काकाला हक्क असतो, आणि ती थोडी सुधारलीही आहे.
दुपारी जेवण गेलं नाही. मटणाचं सूप गार झालं होतं, म्हणून असेल.
रोंग बोलत नाही. एकदाच बोलली: "आधी तो चोरून करायचा. तू त्याला परवाना दिलास."

१ एप्रिल
तीस दिवस पूर्ण. आजोबांना विचारलं, समजा बाहेर कोणी अंगाला हात लावला, आणि तो आपल्याच घराण्यातला, वरच्या पिढीचा निघाला, तर?
आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "निघाला म्हणजे? त्याला कोण विचारत बसतं? आधी हाणायचं आणि पळायचं. नमस्कार आखाड्यात."
पण तुम्हीच सांगितलं होतं, मी म्हटलं.
"मी विचारलं होतं, कोण. तू म्हणालीस, कोणी नाही." मग खुर्ची माझ्याजवळ ओढली. "सूयुन, कोण आहे?"
कोणी नाही, म्हणाले.
वू गुरुजी आणि ते साठ वर्षं एका ताटात जेवले आहेत. या वयात त्यांनी कुणाशी भांडायचं? हे मी त्यांच्यासाठी केलं. दोनदा खोटं बोलले, तेही इथे नोंदवून ठेवते.

३ एप्रिल
नवी योजना. रंगाच्या शेडमध्ये बदलीचा अर्ज. कारण: वैयक्तिक. ही माघार नाही, जागा बदलून उभं राहणं आहे. विद्येत याला महत्त्व आहे.

६ एप्रिल
अर्जावर सध्याच्या प्रमुखाची सही लागते. दायने उभ्या उभ्या केली, वर शेराही लिहिला: 'मुलगी संस्कारी. मोठ्यांचा मान राखते. गोदामात सर्वांशी घरच्यासारखी.'
ऑफिसातल्या बाईंनी शेरा वाचला. म्हणाल्या, "अगं, एवढं छान जमतंय, मग बदली कशाला मागतेस?" आणि अर्ज परत दिला.
घरी येऊन शेरा तीनदा वाचला. पहिल्या दोन वाक्यांत खोटं काही सापडलं नाही.