एकोणीस भांडी आणि हॉइटचा तिसरा निरोप

आर्कान्सामधल्या एका जत्रेच्या मैदानामागे,
बसमध्ये, मंगळवारी दुपारी.

माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि माझे व कोंबड्यांचे लाड सारख्याच कंजूषपणे करणारी आदरणीय विल्डाताई हिला धाकटा भाऊ एल्डन याचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की डॉक्टरांनी जिना चढायची बंदी केली आहे, आणि त्याच पत्राच्या मागच्या पानावर छपरावरची पानं झाडून काढल्याचंही लिहिलं होतंस. आता जिना न चढता तू छपरावर कशी पोचलीस हे मी विचारत नाही, फक्त नोंद घेतली आहे. पाद्रीबाबांचं प्रवचन हल्ली जेवणाच्या वेळेआधी संपतं का? तांबडी कोंबडी अजून शेजाऱ्यांकडेच अंडी घालते का? आणि तुझं ते निळ्या काठाचं, झाकणाचं भांडं जागेवर आहे ना? (सहज विचारतोय.) इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे. अक्षर बघ, ओळीला ओळ लागलेली आहे. (आता मी लिहितो उजव्या हाताने, हे तू म्हणशीलच. तुला गप्प बसवत नाही.)

पत्र लिहिण्यास कारण म्हणजे आमच्या हॉइट लॅरिमोरचा निरोपाचा दौरा. जाहिराती तुमच्याकडेही लागल्या असतील: पांढरी टोपी, डोळ्यांत पाणी, खाली ‘अखेरचा सलाम’. अडतीस वर्षं मी ह्या माणसाच्या उजव्या हाताला बसून स्टील गिटार वाजवतोय (म्हणजे तू ज्याला इस्त्रीचं टेबल म्हणतेस ते. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवली की गाणं हुंदके द्यायला लागतं आणि लोक खूश होतात), त्यामुळे त्याचं रडणं कधी खरं आणि कधी तिकिटांसाठी हे मला पाठमोरं बघूनही कळतं. ताई, हा त्याचा तिसरा निरोप आहे. पहिला अकरा वर्षांपूर्वी घेतला, गिटार भिंतीला टांगली आणि तळ्यावर मासे धरायला गेला. चार महिन्यांत परत आला, कारण मासे टाळ्या वाजवत नाहीत. दुसरा निरोप डॉक्टरांच्या सांगण्यावरून होता. तो डॉक्टरच पुढे वारला, तेव्हा हॉइट म्हणाला की सांगणाराच उरला नाही तर सांगितलेलं पाळायचं कुणासाठी? त्यामुळे तिसऱ्याची घोषणा झाली तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यात दौऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने नवे बूट आणले, टेक्सासहून मापाने शिवून घेतलेले. ते बूट पायाला बसेपर्यंत माणूस वर्षभर लंगडतो. गाणं सोडून घरी बसणारा माणूस असले बूट कशाला करून घेईल? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग दुसरी गोष्ट. हॉइट माझ्याशी गोड बोलायला लागला. अडतीस वर्षांत त्याने मला ‘गाढवा’ सोडून दुसरी हाक मारलेली नाही. माझ्या लग्नातसुद्धा त्याने मला त्याच नावाने उभं केलं होतं, आणि पाद्रीबाबांनी ते माझं मधलं नाव समजून वाचलं होतं. तोच माणूस आता ‘एल्डन, तुझी पाठ कशी आहे?’ असं विचारतो. माझ्या वाद्याची पेटी स्वतः उचलतो. बसमधली खिडकीजवळची जागा, जिच्यावरून एके काळी आम्ही मिसिसिपी नदीच्या पुलावर हातघाईवर आलो होतो, ती त्याने आपणहून मला दिली. मी रात्रभर त्या जागेखाली काही लपवलंय का ते चाचपून बघितलं. काही नव्हतं, त्यामुळे संशय आणखी बळावला.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. स्टेजवर हॉइट गाता गाता एक हात पाठीमागे नेऊन आम्हाला बोटांनी खुणा करतो, हे तुला माहीत आहे. एक बोट म्हणजे पुढचा तुकडा आमच्या वाद्यवृंदातल्या क्लोव्हिसच्या फिडलचा (व्हायोलिनच ते), दोन बोटं म्हणजे माझा. ह्या दौऱ्यात दोन बोटांच्या मागोमाग त्याने मूठ वळायला सुरुवात केली. मुठीची खूण आमच्यात कधीच नव्हती! पण मूठ वळली रे वळली की क्लोव्हिस हळूच माझ्या सुरांखाली फिडल सरकवायचा, अगदी दबक्या पावलांनी. मी मध्येच एखादा सूर चुकलो (सगळेच चुकतात, ताई, घामाने कांडी निसटते) तर तो आधीच तिथे हजर. मी क्लोव्हिसला पकडून विचारलं. त्याचा चेहरा टरबुजासारखा लाल झाला आणि तो म्हणाला, ‘दादा, मला सर्दी झालीय.’ सर्दीने कुणी फिडल वाजवत नाही. मी ओळखलं की मला काढायचा बेत शिजतोय.

आणि मग आली भांडी. पहिलं भांडं पहिल्याच कार्यक्रमाला, केंटकीतल्या कॉर्बिनमध्ये, दुपारी चार वाजता फाटकावरच्या माणसाने आणून दिलं. कुणी बाई ‘एल्डनसाठी’ म्हणून ठेवून गेली होती, आत कोंबडी आणि नूडल्स. मला वाटलं, उशिरा का होईना, माझीही कुणी चाहती निघाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघायच्या वेळी आणखी दोन आली आणि त्यानंतर प्रत्येक गावात तेच. चीज घातलेले बटाटे आणि वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स, फरसबी आणि मशरूम, केळ्यांचं पुडिंग, पुन्हा बटाटे. बायका माझा हात दोन्ही हातांत धरत, मान एका बाजूला कलती करत आणि ‘आम्ही प्रार्थना करतोय हं’ म्हणून निघून जात. हॉइटला कुणी साधा सुका केकसुद्धा दिला नाही. आता, झाकणाची भांडी दारात यायला लागली की त्या घरातलं कुणीतरी गेलेलं असतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी रोज आरशात बघत होतो. मेलेला तर दिसत नव्हतो.

तीन दिवस विचार केल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला (हा प्रकाश साफ चुकीचा होता, पण तेव्हा झगमगीत वाटला): हॉइटच मरायला टेकलाय! म्हणून निरोप, म्हणून गोड बोलणं, आणि मागे राहणारा मी म्हणून सांत्वनाची भांडी माझ्याकडे. इतकी वर्षं ह्या माणसाला मी मनात काय काय शिव्या दिल्या ते आठवलं. मग मीही त्याच्याशी चांगलं वागायला लागलो. सकाळी त्याला सॉसेज घातलेला पाव नेऊन द्यायला लागलो, त्याच्या रद्दी विनोदांवर हसायला लागलो. माझी पेटी तो उचलायला जाई, त्याची मी. टेनेसीतल्या एका शाळेच्या दारात आम्ही दोघं म्हातारे एकमेकांच्या पेट्या ओढत ‘अरे नको नको, मी घेतो’ करत इतका वेळ उभे होतो की क्लोव्हिस कंटाळून म्हणाला, ‘तुमचं लग्न लावून देऊ का?’

परवा मात्र सगळं उलगडलं. कार्यक्रमाच्या मध्यावर हॉइट एकटा गिटारवर प्रार्थनेचं गाणं म्हणतो आणि आम्ही बाकीचे बाहेर जातो. मी नेहमी तंबाखू चघळायला मागच्या दाराशी जातो. परवा मागचं दार कुणीतरी कुलूप लावून बंद केलं होतं, म्हणून मी पडद्याआडच उभा राहिलो. आणि हॉइटने गाणं सुरू करायच्या आधी टोपी काढली.

तो म्हणाला, ‘मंडळी, माझा निरोप तुम्ही दोनदा बघितलाय. दोन्ही वेळा रडलेल्यांनी हात वर करा.’ लोक हसले. ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी लबाड माणूस आहे. पण हा निरोप माझा नाहीच. माझ्या उजव्या बाजूला जो खत्रूड म्हातारा बसतो ना, त्याचा आहे. त्याच्या डाव्या हातातली बोटं मरत चाललीत. त्याने कुणाला सांगितलं नाही, त्याला वाटतं कुणाला कळलं नाही. तुम्हीही त्याला कळू देऊ नका. आज फक्त नीट ऐका त्याचं. असं वाजवणारा मी दुसरा बघितला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर बोलायचा नाही.’

ताई, मी तिथल्या दोराच्या वेटोळ्यावर बसलो आणि रडलो. आधी रागाने रडलो, मग कशाने ते मला सांगता येत नाही. खरं आहे ते. नोव्हेंबरपासून डाव्या हाताच्या दोन बोटांना काही कळत नाही. कांडी हातात आहे की नाही हे मला बघून ठरवावं लागतं. घाम, थंडी, वंगण, जुन्या तारा, मी सगळ्यांवर आळ घेतला. कारण त्या स्टुलावरून उठलो तर मी कोण, हे मला ठाऊक नाही. बायको गेली, घर विकलं, मला दुसरं काही येत नाही. आणि गंमत बघ, अकरा गावांतल्या हजारो लोकांनी हे गुपित पाळलं. ज्या लोकांना शेजारणीच्या केसांचा रंग खरा की खोटा एवढंसुद्धा पोटात ठेवता येत नाही, त्यांनी! फक्त भांडी आवरली नाहीत त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी हॉइटसमोर जाऊन बसलो आणि म्हटलं, मला सगळं कळलंय. त्याने ग्रेव्हीत पाव बुडवला आणि शांतपणे म्हणाला, ‘शेवटी ऐकलंसच का, गाढवा?’ त्या एका हाकेने मला इतकं बरं वाटलं की भांडायला जमवलेलं निम्मं भाषण वाया गेलं. उरलेलं निम्मं मी ऐकवलं: मला का नाही सांगितलंस, मी काय लहान आहे, गावोगाव माझ्या बोटांची दवंडी पिटलीस. तो म्हणाला, ‘तू मला सांगितलंस? नाही ना? मग मी तुला सांगितलं नाही. फिट्टंफाट.’ मी म्हटलं, सरळ दुसरा माणूस ठेवायचास. तर म्हणाला, ‘वेडा आहेस का? इतकी वर्षं तुझ्या हुंदक्यांत माझा आवाज लपलाय. तू उठलास तर लोकांना मी खरा कसा गातो ते ऐकू येईल.’ मग थोडा वेळ त्याने पाव नुसताच फिरवला. म्हणाला, ‘तू थांबशील तेव्हा मी थांबणार. तिसरा निरोप खरा आहे, पण तुझ्यामुळे.’

मी विचारलं, तुला माझ्या हाताचं सांगितलं कुणी? त्यावर तो आपल्या नव्या बुटांकडे असा बघायला लागला, जणू ते आत्ताच पायात उगवले आहेत.

असो. शनिवारी लेक्सिंग्टनला शेवटचा कार्यक्रम आहे. पाद्रीबाबांना नमस्कार, कोंबड्यांना (तांबडी सोडून) आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ,
एल्डन

ता. क. १ : सगळ्या भांड्यांच्या तळाला मालकिणींच्या नावाच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत आणि भांडी परत करायलाच हवीत. मोजली तर एकोणीस भरली. हॉइट म्हणतो, आता पुन्हा गावोगाव जाणं आलंच, आणि गेलोच आहोत तर एखादं गाणं म्हणायला काय हरकत आहे? बुटांचं कोडं सुटलं. ह्या माणसावर विश्वास ठेवू नये हेच खरं.

ता. क. २ : मुख्य विचारायचं राहिलंच. तुझ्या घराची मागची खोली, जिची खिडकी खुराड्याकडे उघडते, ती रिकामी आहे का? मी फार जागा घेत नाही. इस्त्रीचं टेबल मात्र सोबत येईल. ते वाजवणार नाही, पण कपडेही वाळत घालू देणार नाही.

ता. क. ३ : कॉर्बिनला आलेलं ते पहिलं भांडं. दुपारी चारला आलं, म्हणजे हॉइट पहिल्यांदा लोकांसमोर बोलायच्या तीन तास आधी. म्हणजे ते करणाऱ्या बाईला आधीच माहीत होतं. नूडल्समध्ये इतकी मिरपूड होती की क्लोव्हिसची सर्दी खरोखर बरी झाली असती. इतकी मिरपूड घालणाऱ्या जगात दोनच बायका, त्यातली एक आपली आई, ती आता नाही. तळाच्या पट्टीवर भलतंच नाव आहे, पण तू जुनी पट्टी काढायला विसरलीस, नवी तिच्यावरच चिकटवलीस. नखाने उचकटली. काठ निळा आहे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणात माझ्या हातून ग्रेव्हीचं भांडं सुटलं, तेव्हा तू खाली वाकून फरशी पुसत म्हणाली होतीस, ‘तेलकटच होतं मेलं.’ तू ओळखलंस आणि हॉइटला सांगणार, हा संशय मला तेव्हाच यायला हवा होता. आणि गुडघा दुखत असताना तीन तास गाडी चालवत कॉर्बिनला आलीस, ते तुझ्या तोंडून ऐकायला मी शनिवारची वाट बघतोय.

तेव्हा शनिवारी ये आणि आपलं भांडं घेऊन जा. पुढच्याच रांगेत बस, डोक्याला रुमाल बांधून फाटकाशी लपू नकोस. भांडं रिकामं परत करायचं नाही हे आईने आपल्याला शिकवलंय, आणि मला तर अंडंसुद्धा उकडता येत नाही. म्हणून शेवटचं गाणं झालं की माझी कांडी त्यात ठेवून देईन. झाकण नीट लावून ने.